न पोचलेल्या गाड्यांचा उशीर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सिग्नल विभागातून सुधारणा समितीच्या तांत्रिक कक्षात आले. प्रतिनियुक्ती एका वर्षाची. तिसरा मजला, एक खिडकी, चार टेबलं, दोन माणसं. दुसरा माणूस आकडेवारीचा. तो पेन्सिल चावतो आणि कामाव्यतिरिक्त बोलत नाही. सोयीचं आहे.

सरकार रेल्वेचे तुकडे करणार आहे. रूळ एका कंपनीकडे, गाड्या दुसरीकडे, स्टेशनं तिसरीकडे. या तिघींवर नजर ठेवायला एक स्वतंत्र प्राधिकरण. प्रवाशाला कायद्याने पहिल्यांदाच काहीतरी मिळणार आहे: गाडी अर्धा तास किंवा त्याहून जास्त उशिरा आली, तर अर्धं भाडं परत आणि गाडी कंपनीच्या नावावर एक लाल खूण. खुणा फार झाल्या तर परवाना रद्द. उशीर म्हणजे नेमकं काय, हे लिहायचं काम माझं.

आईला सांगितलं. ती इथल्या स्टेशनवर उद्घोषक आहे. सव्वीस वर्षं झाली.

"उशीर म्हणजे काय हे ठरवायला समिती?" ती म्हणाली. "फलाटावर कुणालाही विचार की गं."

तिच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. हे क्वार्टर तिच्या नोकरीवर आहे. कायदा आला की उद्घोषक स्टेशन कंपनीकडे जातील. तिथे उरलेले महिने काढायचे, एवढंच.

११ फेब्रुवारी

तीन वर्षांच्या ४,५१,१४० नोंदी मिळाल्या. गाडीचा क्रमांक, शेवटच्या स्टेशनवर पोचायची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष पोचलेली वेळ. मधल्या स्टेशनांच्या वेळा हाताने लिहिलेल्या आहेत, भरवशाच्या नाहीत. म्हणून उशीर शेवटच्या स्टेशनवरच मोजायचा.

पहिल्या चाचणीत १३,०८३ गाड्या निघण्याआधीच पोचलेल्या निघाल्या. कारण सापडायला दुपार गेली. या गाड्या शेवटच्या स्टेशनला गेल्याच नव्हत्या. काही रद्द, काही अर्ध्या वाटेत संपवलेल्या. त्यांच्या पोचण्याच्या वेळेचा रकाना रिकामा, आणि रिकाम्याला संगणक शून्य समजत होता. मी त्या नोंदी वगळल्या. प्रमाण २.९ टक्के. आलेख लगेच स्वच्छ झाला. वजाबाकीला दोन संख्या लागतात. इथे एकच होती.

जेवताना आईने विचारलं, "मग जी पोचतच नाही, तिचा उशीर किती?"

"तिला उशीर नाही. तिची नोंद वेगळी. रद्द गाड्यांसाठी स्वतंत्र कलम येणार आहे."

"कोण लिहिणार?"

"सचिव म्हणाले, पुढच्या टप्प्यात."

आईने हाताची मूठ माईकसारखी तोंडासमोर धरली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुढचा टप्पा थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर येत आहे."

मलाही हसू आलं. मग मी तिला समजावलं की कायद्याचा मसुदा टप्प्याटप्प्यानेच होतो.

३ मार्च

समितीसमोर सादरीकरण. अकरा मिनिटं. सचिव खूश दिसले. कागद टेबलाच्या कडेला समांतर लावत म्हणाले, "मॅडम, तुमची व्याख्या म्हणजे धुतल्या तांदळासारखी. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

गाडी कंपनी अजून स्थापन झालेली नाही, पण तिच्या वकीलबाई हजर होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रिकाम्या नोंदी वगळायच्या, हे तुम्ही तळटीपेत दिलंय. ते मूळ कलमात का नको?"

मी म्हटलं, घेता येईल.

"घ्याच. महत्त्वाचा मुद्दा आहे. तळटीप कोण वाचतं?"

त्यांनी वाचली होती. इतक्या वर्षांत माझी तळटीप वाचणारी ही पहिलीच व्यक्ती. मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

बाहेर पडताना सचिवांनी सांगितलं, की प्राधिकरणात तांत्रिक अधिकाऱ्यांच्या तीन कायम जागा निघणार आहेत. मी त्यावर फार विचार केलेला नाही. वेतनश्रेणी फक्त पाहून ठेवली.

२ एप्रिल

कायदा कालपासून लागू. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर: "आता प्रवासी राजा." आईने ते पान कपाटाच्या खणात अंथरलं.

स्टेशन कंपनीने तिला एक्केचाळीस कार्डं दिली आहेत. प्रत्येकावर एक मंजूर वाक्य. त्याबाहेर बोलायचं नाही.

"सव्वीस वर्षं मी बोलत होते," आई म्हणाली. "आता वाचायचं. पहिलीतल्या मुलांसारखं. बोट ठेवून."

मी म्हटलं, एकसारख्या वाक्यांमुळे चुका कमी होतात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कार्डं पत्त्यांसारखी पिसली.

१९ मे

पहिला आढावा. वेळेवर पोचणाऱ्या गाड्या ७४ टक्क्यांवरून ९१ टक्के. मंत्र्यांकडून अभिनंदनाचं पत्र आलं. सचिवांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, शेजारच्याशीही.

दुपारी मी रिकामे रकाने मोजले. कुणी सांगितलं नव्हतं, सवय आहे. २.९ टक्के होते, ते आता १४.६.

मग मी या गाड्या जिथे संपवल्या तिथल्या हाताने लिहिलेल्या वेळा मागवल्या. जवळजवळ सगळ्या वीस-पंचवीस मिनिटं मागे होत्या आणि पुढे मागेच पडत गेल्या असत्या. आलेख काढला. उशिराच्या आलेखाला एरवी लांब शेपूट असतं, हळूहळू बारीक होत जाणारं. इथे तिसाव्या मिनिटाला कडा आहे. सुरीने कापल्यासारखी. तीनदा तपासलं.

म्हणजे जी गाडी अर्ध्या तासाच्या पुढे जाईल असं दिसतं, ती कंपनी वाटेतच संपवते. शेवटच्या स्टेशनला पोचलीच नाही, की रकाना रिकामा. रकाना रिकामा, की भाडं परत नाही आणि लाल खूणही नाही.

सचिवांना आलेख दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, हे कबूल करायला हवं.

"कंपनीने कायद्याचं कुठलं कलम मोडलंय?"

"कुठलंच नाही."

"कलम कुणी लिहिलं?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"मग आता आपणच आपल्या व्याख्येवर बोंब मारायची? प्राधिकरण स्थापन होतंय. ते बघेल. हा कागद तूर्त कक्षाबाहेर जायला नको." त्यांनी आलेख माझ्या बाजूला सरकवला, कडेला समांतर.

घरी आईला सांगितलं. सांगायला नको होतं. तिने विचारलं, चेहरा का असा, म्हणून सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिच्या स्टेशनवर पाच गाड्या संपवल्या. पाचही वेळा तिने कार्ड क्रमांक सतरा वाचलं: "तांत्रिक कारणामुळे ही गाडी येथेच समाप्त होत आहे." गुरुवारी एक बाई उद्घोषणेच्या खोलीच्या काचेपाशी आली. तिची कोर्टात तारीख होती. मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा त्याची. ती ओरडली वगैरे नाही. काचेवर हात ठेवून आईला विचारत राहिली, "पण बिघडलंय काय? मला सांगा ना, बिघडलंय काय?"

"म्हणजे इंजिनात काही नसतंच?" आई म्हणाली.

"बहुतेक वेळा नसतं."

"आणि मी 'तांत्रिक कारण' म्हणते."

"ते मंजूर वाक्य आहे, आई."

"वाक्य मंजूर आहे गं. तोंड माझं आहे."

१२ जून, गुरुवार

जे घडलं ते क्रमाने लिहिते. काही आईकडून, काही स्टेशनमास्तरांच्या अहवालातून.

सकाळी ९.३४. गाडी आईच्या स्टेशनवर चोवीस मिनिटं उशिरा आली. पूर्ण भरलेली. ९.३६ ला पडद्यावर सूचना: गाडी येथे संपवा, कार्ड १७. आईने कार्ड बाजूला ठेवलं, माईक चालू केला आणि म्हणाली:

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. या गाडीत काहीही बिघाड नाही. इंजिन चालू आहे, ड्रायव्हर जागेवर आहे, पुढचा रूळ मोकळा आहे. ही गाडी पुढे गेली तर ती उशिरात धरावी लागेल आणि तुमचं अर्धं भाडं परत द्यावं लागेल, म्हणून तुम्हाला इथे उतरवत आहेत. कुणीही उतरू नका."

दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

कुणी उतरलं नाही. जे उतरले होते ते परत चढले. मास्तर धावत खोलीत आले आणि त्यांनी माईकची वायर ओढली, पण तोवर सांगून झालं होतं. गाडी एकशे दहा मिनिटं उभी राहिली. तिच्यामागे अकरा गाड्या अडकल्या. शेवटी ती सोडावी लागली. शेवटच्या स्टेशनला १३४ मिनिटं उशिरा पोचली. तिचा रकाना भरलेला आहे. या तिमाहीतली सगळ्यात मोठी संख्या तिथे आहे.

आईला दुपारीच निलंबनाचं पत्र दिलं. मी घरी आले तेव्हा ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या गं," ती म्हणाली. "उद्घोषणेला! शपथ सांगते."

मी विचारलं, तू हे का केलंस?

"ती बाई काचेवर हात ठेवून गेली ना, त्याचा ठसा रोज पुसते. जात नाही."

काचेचा ठसा साध्या पाण्याने जातो. मी तसं म्हटलं नाही.

१६ जून

आरोपपत्र आलं. आरोप दोन. पहिला: मंजूर मजकूर सोडून बोलणं. त्याला फार तर ताकीद. दुसरा: खोटी माहिती देऊन वाहतूक अडवणं. तो सिद्ध झाला तर बडतर्फी. म्हणजे निवृत्तिवेतन नाही आणि तीस दिवसांत क्वार्टर खाली.

तेव्हा सगळं एका गोष्टीवर आहे: ती जे बोलली ते खरं होतं की नाही.

आईने आरोपपत्राची घडी घातली आणि मला म्हणाली, "तू यात पडू नकोस. तुझी मुलाखत कधी आहे?"

"सत्तावीसला."

"निळा ड्रेस इस्त्रीला टाकलाय."

२० जून

चौकशी समितीने तांत्रिक कक्षाचा अभिप्राय मागवला. एकच प्रश्न: "दि. १२ जून रोजी उद्घोषणेच्या वेळी सदर गाडी उशिरा होती काय?"

सचिवांनी मला बोलावलं. "तुमच्या मातोश्री आहेत, कल्पना आहे मला. दुसऱ्याकडे देऊ का?"

मी म्हटलं, मीच लिहीन. शेजारच्याने काय लिहिलं असतं, सांगता येत नाही.

मी लिहिलं: "कायद्यानुसार उशीर केवळ अंतिम स्थानकावर मोजला जातो. उद्घोषणेच्या वेळी गाडी अंतिम स्थानकावर पोचलेली नव्हती. सबब ती उशिरा नव्हती." तीन वाक्यं. एकही चुकीचं नाही.

आलेख जोडायचा की नाही यावर चाळीस मिनिटं गेली. प्रश्नात गाडी का थांबवली हे विचारलेलं नाही. विचारलं नाही त्याचं उत्तर दिलं, की अभिप्रायाचं मत होतं. शिवाय तो कागद कक्षाबाहेर न्यायचा नाही, असं सांगितलेलं आहे. आलेख खणात ठेवला.

२४ जून

चौकशी. लांब टेबल, एका बाजूला तीन अधिकारी. आई एकटी समोर. मी तांत्रिक कक्षातर्फे, वकीलबाईंच्या रांगेत. खुर्च्या तशाच मांडल्या होत्या.

माझा अभिप्राय वाचून दाखवला. मग वकीलबाई उठल्या.

"गाडी उशिरात धरू नये म्हणून थांबवली, असं तुम्ही माईकवर सांगितलंत. ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण तिने काढलं आणि परत ठेवलं.

"कुणी नाही. मला वाटलं."

"नुसतं वाटलं म्हणून हजार लोकांना सांगितलंत?"

"सव्वीस वर्षं गाड्या बघतेय, बाई. वाटतं माणसाला."

कुणीतरी हसलं. वकीलबाई नाही हसल्या. त्यांनी "मला वाटलं" हे शब्द लिहून घ्यायला सांगितले.

अध्यक्षांनी विचारलं, तांत्रिक कक्षाला आणखी काही सांगायचं आहे का. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. बराच वेळ थांबले, असं मला वाटलं. घड्याळ पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, "लेखी अभिप्रायात सर्व आलेलं आहे."

बाहेर आईने यंत्रातून दोन कप चहा घेतला. एक माझ्या हातात दिला. "नीट ढवळ," म्हणाली. "साखर खाली बसलीय."

२७ जून

मुलाखत बरी झाली. व्याख्या कशी तयार केली, यावरच प्रश्न होते. रिकाम्या नोंदींबद्दल कुणी विचारलं नाही.

७ जुलै

निकाल आला. पहिला आरोप सिद्ध. दुसरा आरोप सिद्ध. "उद्घोषकांनी दिलेल्या माहितीस कोणताही आधार आढळून आला नाही."

आईचा चष्मा उद्घोषणेच्या खोलीतच राहिला आहे आणि तिला आत सोडत नाहीत. म्हणून तिने मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"फार भरभर वाचतेस," ती म्हणाली. "आकड्याच्या आधी थांबावं. लोक लिहून घेत असतात."

मी पुन्हा सुरुवात केली. कलम क्रमांकाआधी थांबले. तारखेआधी थांबले.

"हं. आणि वाक्याचा शेवट गिळू नकोस. कानाला शेवटचाच शब्द लागतो."

शेवटचे शब्द "बडतर्फ करण्यात येत आहे" असे होते. मी ते स्पष्ट वाचले.

"आता बरं झालं," आई म्हणाली, आणि उठून कपडे वाळत घालायला गेली.

 

१५ जुलै

नियुक्तिपत्र मिळालं. प्रवासी हित प्राधिकरण, तक्रार छाननी विभाग, पद कायम. आई म्हणाली, "छान झालं." ती खरंच तसं म्हणाली. मी तिचा चेहरा पाहत होते. त्यात दुसरं काही सापडलं नाही.

२ ऑगस्ट

क्वार्टर खाली केलं. आई मामाकडे राहणार. ऑफिसजवळ मला एक खोली मिळाली आहे. ती एकाच माणसाला पुरेल एवढी आहे. दोघींना पुरेल अशीही एक पाहिली होती. लांब पडत होती.

मामा टेम्पो घेऊन आला. कपाट दारात अडकलं. तो घाम पुसत म्हणाला, "एवढी शिकलेली भाची, आणि कपाट दारातून जाईल का, हे कुणाला सांगता येत नाही!"

मी मोजलं. चार सेंटिमीटर कमी पडत होते. दार काढावं लागलं.

टेम्पो निघाला तेव्हा आई पुढे मामाशेजारी बसली होती. मी हात केला. तिने केला की नाही ते दिसलं नाही, काचेवर ऊन होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दिवसाला सरासरी २१२ तक्रारी येतात. पहिली छाननी माझ्याकडे. पेन्सिलवाला इथेही शेजारच्याच टेबलावर आहे. ज्या तक्रारी व्याख्येत बसत नाहीत त्या अग्राह्य. एकेकीला साधारण चार मिनिटं लागतात. रद्द गाड्यांचं कलम अजून आलेलं नाही.

आज अकरा वाजून वीस मिनिटांनी एक अर्ज उघडला. गाडी सकाळची, वाटेत संपवलेली. तिकीट क्रमांक बरोबर. तारीख बरोबर. गाडी कुठे थांबली, किती वाजता, मागे कोणती गाडी होती, फलाटावर अंदाजे किती माणसं उतरली, सगळं क्रमाने दिलेलं. इतका नीट भरलेला अर्ज माझ्याकडे पहिल्यांदाच आला. नाव सगळ्यात शेवटी वाचायची माझी पद्धत आहे.

"आपल्याला काय हवे आहे?" या रकान्यात परतावा, खुलासा, दिलगिरी आणि इतर असे पर्याय आहेत. "इतर"वर खूण होती. तिथे निदान पाच शब्द भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. तिने लिहिलं होतं: "गाडी गाडी गाडी गाडी गाडी".

मग नाव वाचलं.

नात्यातल्या व्यक्तीचा अर्ज स्वतः तपासायचा नाही, असा नियम आहे. मी तो शेजारच्या टेबलावर पाठवला. पाठवण्याचं कारण लिहावं लागतं. मी "कामाचा भार" असं लिहिलं.

त्याने अर्ज वर-खाली पाहिला. तीन मिनिटांत "अग्राह्य"वर बोट नेलं आणि थांबला. तो एरवी थांबत नाही. पेन्सिल तोंडातून काढून म्हणाला, "काय पण लिहिलंय. ओळखतेस का हिला?"

मी म्हटलं, "नाही. कुणीतरी प्रवासी असेल."